पोराला हॉट रॉड बांधायचीये? आधी ब्रेक, मग इंजिन, रंग सगळ्यात शेवटी

आमचं कार्टं पंधराचं झालं आणि एकदा जेवता जेवता म्हणालं, बाबा मला पहिली गाडी विकत नकोय, मला बांधायचीये. मी म्हटलं काय बांधायचीये, तर म्हणे हॉट रॉड, म्हणजे जुनी गाडी हलकी करून, इंजिनाचा जोर वाढवून बांधलेली, आणि तीही ट्रॅडिशनलवाली. मला वाटलं खूळ आहे, आठवड्यात उतरेल. तीन वर्षं झाली, आमच्या घरच्या गाड्या बारा महिने बाहेर बर्फात उभ्या असतात आणि गॅरेजात १९३० सालची फोर्ड मॉडेल ए. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या भागातल्या, दोन-तीन मराठी घरांतली पोरं आता विचारायला लागलीत आणि त्यांचे आईबाप त्याहून जास्त विचारतायत, म्हणून एकदाच लिहून टाकतो, म्हणजे फोनवर तेच तेच सांगायला नको. मी व्यवसायाने मेकॅनिक नाही, कारखान्यात मापं घेण्यात आयुष्य गेलंय, त्यामुळे जे मोजून करता येतं ते मला जमतं आणि बाकीचं पोरासोबत शिकलो.

आधी हे ट्रॅडिशनल म्हणजे काय ते, कारण इथेच अर्धे पैसे चुकीच्या ठिकाणी जातात. चकचकीत कोरीव अॅल्युमिनियमचे पार्ट, एसी, मऊ सीटवाली ती स्ट्रीट रॉड. मुद्दाम गंजवलेली, साखळ्या लटकवलेली ती रॅट रॉड, तिच्याबद्दल मी न बोललेलं बरं. ट्रॅडिशनल म्हणजे अशी गाडी की दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून ते साधारण साठीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत कॅलिफोर्नियातल्या एखाद्या पोराने जशी बांधली असती तशीच. तेव्हाची पोरंही हीच विशीच्या आतबाहेरची. जुनी फोर्ड स्वस्तात घ्यायची, मडगार्ड बंपर काढून फेकायचे, वजन कमी, जोर जास्त, आणि म्युरॉक नाहीतर एल मिराज असल्या कोरड्या तलावांच्या सपाटीवर पळवायची. त्या शर्यतींना शिस्त लावायला १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन निघाली, जानेवारी १९४८ मध्ये हॉट रॉड मासिकाचा पहिला अंक आला, १९४९ मध्ये ही मंडळी बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर पोचली. म्युरॉक आता एडवर्ड्स हवाई तळात गेलंय, पण एल मिराज आणि बॉनव्हिलला अजून पळतात.

हा इतिहास सांगायचं कारण असं की हे सगळं जमायचं ते फोर्डचे पार्ट एकमेकांना बसायचे म्हणून. १९४० च्या गाडीचे ब्रेक १९३० च्या अॅक्सलला, १९३९ चा गिअरबॉक्स १९३२ च्या इंजिनाला, थोडं घासून थोडं अॅडॅप्टर लावून बसतं. म्हणजे मोठ्या मशीन नसलेल्या पोरालाही करता येण्यासारखं काम आहे, फक्त क्रम चुकवायचा नाही. जवळपास सगळे क्रम चुकवतात. आधी इंजिन घेतात, मग चकचकीत कार्बोरेटर, मग छप्पर कापतात, आणि दोन वर्षांनी ती गाडी "प्रोजेक्ट, वेळेअभावी विकणे आहे" म्हणून खोक्यांत भरलेली दिसते. आधी कळस मग पाया, दुसरं काय.

गाडी कुठली घ्यावी. १९३२ ची फोर्ड, जिला ड्यूस म्हणतात, तिचं नावही काढू नका, मूळ पत्र्याची मिळाली तर किंमत ऐकून घाम फुटेल. मॉडेल ए घ्या. १९२८ ते १९३१ मॉडेल, एकंदर ४८ लाखांच्या आसपास बनल्या, त्यामुळे आजही मिळतात आणि पार्ट तर नवेकोरेही बनतात. त्यातही उघड्या छपराची रोडस्टर आणि छोटी बंद कूपे सगळ्यांना हव्या असतात, दोन दारांची ट्यूडर सेडान त्यापेक्षा स्वस्त, आणि चार दारवाली सगळ्यात स्वस्त कारण ती कुणाला नको असते. पण चार दारवालीत लाकडी सांगाडा जास्त असतो आणि लाकूड कुजलेलं असलं की दारं लटकतात, मग सुतारकाम शिकावं लागतं. आम्ही ट्यूडर घेतली, चालत नसलेली पण पूर्ण. पूर्ण हा शब्द महत्त्वाचा. नुसती बॉडी स्वस्त दिसते पण हँडल, काच वर-खाली करायचं यंत्र, बिजागरी, ब्रॅकेट असं सुटं सुटं घेत गेलं की पूर्ण गाडीपेक्षा महाग पडते.

बघायला जाताना खिशात एक चुंबक न्यायचं, त्याला पातळ कापड गुंडाळायचं म्हणजे रंगावर ओरखडा पडत नाही. काउलचा (बॉनेट आणि दारांच्या मधल्या पत्र्याचा) खालचा भाग, दारांचं बूड, मागच्या चाकांच्या वर आणि बॉडी जिथे फ्रेमवर बसते ती खालची पट्टी, इथे चुंबक चिकटलं नाही तर पत्रा नाही, लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. थोडी असली तर ठीक, सगळीकडे असली तर नमस्कार करून निघायचं. पोराला आधी बजावून ठेवा की मालकासमोर डोळे चमकवायचे नाहीत. आमच्याने ते जमलं नाही आणि मला बहुतेक पाचशे डॉलर जास्त पडले.

कागद बघायचे, हे आईबापांचं काम. मॉडेल ए चा ओळख नंबर म्हणजे मूळ इंजिनाचा नंबर, तो फ्रेमच्या डाव्या रेलवर वरच्या बाजूला ठोकलेला असतो पण बॉडीखाली झाकलेला. इंजिन पुढे कधीतरी बदललेलं असू शकतं, तेव्हा टायटलवरचा, म्हणजे मालकीच्या कागदावरचा, नंबर कशाशी जुळतो ते पैसे द्यायच्या आधी बघा, नंतर बघितलं तर नोंदणीच्या खिडकीवर मनस्ताप आहे. मडगार्डाशिवाय चालतं का, वायपर किती हवेत, बंपर लागतो का, हे प्रत्येक राज्यात वेगळं, ते गाडी उघडायच्या आधी वाचून घ्या. विम्याचंही आधीच विचारा, क्लासिक गाडीच्या पॉलिसीवाले सोळा वर्षांच्या ड्रायव्हरचं नाव ऐकलं की गप्प होतात.

आता आमच्या घरचा एकमेव नियम, भिंतीवर लिहून लावलाय: गाडी चाकांवरून उतरली तर पुढच्या रविवारपर्यंत परत चाकांवर आली पाहिजे. म्हणजे एका वेळी एकच काम सोडायचं. पुढचे ब्रेक काढले तर पुढचे ब्रेक बसल्याशिवाय दुसऱ्या बोल्टला हात लावायचा नाही. पोरांना हे कंटाळवाणं वाटतं, त्यांना सगळी गाडी एका दिवसात सुटी करून फ्रेम रंगवायची असते. सुटी करायला दोन दिवस लागतात आणि जोडायला दोन वर्षं, आणि त्या दोन वर्षांत मुलगी आवडते, कॉलेज लागतं, गाडी जाते. ढकलता येणारी गाडी जिवंत असते.

सुटं करताना फोटो काढा, प्रत्येक जागेचे निदान चार, आणि बोल्ट पिशवीत घालून पिशवीवर कुठला ते मार्करने लिहा. आमच्याने पहिल्याच महिन्यात दोन्ही दारांच्या बिजागऱ्यांच्या पिना आणि स्क्रू एकाच कॉफीच्या डब्यात टाकले, "मला आठवतंय ना बाबा". डावं दार परत नीट लागेपर्यंत तीन आठवडे गेले. मी काही बोललो नाही, बाजूला उभा राहून चहा पीत होतो फक्त.

ब्रेक. इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण इथेच जीव जातो. मॉडेल ए ला चारही चाकांना ब्रेक आहेत पण रॉडने ओढले जाणारे, यांत्रिक. नीट लावले तर मूळ वेगाला थांबतात, पण आपण जोर वाढवणार आहोत. फोर्डने हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, ब्रेक १९३९ च्या मॉडेलपासून दिले, हेन्री फोर्ड तोवर अडून बसला होता, आणि ते ३९ ते ४८ चे १२ इंची ड्रम ब्रेक म्हणजे रॉडवाल्यांची पहिली खरेदी असायची. "ज्यूस ब्रेक" म्हणतात त्यांना. लिंकनचे त्याच काळातले अजून चांगले, ते फिरत्या ड्रमच्या ओढीनेच स्वतःला घट्ट दाबतात, पण महाग, आता त्यांच्या नव्या नकला मिळतात. अॅक्सल, स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो दांडा) आणि बॅकिंग प्लेट (ब्रेक जिच्यावर बसतात ती चकती) एकमेकांच्या आहेत ना ते मोजून घ्या, विशेषतः किंगपिन (पुढचं चाक जिच्याभोवती वळतं ती पिन) जिथून जाते त्या अॅक्सलच्या टोकाची उंची, त्यात अष्टमांश इंचाचा फरक असतो आणि विकणारा "फिट होतं" म्हणून मोकळा होतो.

मागचा ड्रम काढणं हे पहिलं काम जिथे पोरगं हरतं, म्हणून ते नीट सांगतो. मागचा हब अॅक्सलच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला असतो, मध्ये एक चावी (हब अॅक्सलवर सरकू न देणारा लोखंडी तुकडा), बाहेरून मोठा नट, नटात कॉटर पिन, म्हणजे नट सैल होऊ न देणारी दुमडायची पिन. नव्वद वर्षांत तो तिथे रुजलेला असतो. तीन नखांचा साधा पुलर (ओढून काढायचं अवजार) ड्रमच्या कडेला लावून ओढलात तर ड्रम वाकडा होतो, हब हलत नाही. हबच्या गळ्याला पकडणारा खास पुलर मिळतो, तोच घ्यायचा. कॉटर पिन काढा, नट तीन-चार आटे सैल करा पण काढू नका, पुलर लावून घट्ट ताणा, आणि मग सोडून द्या. खरंच, ताण ठेवून आत जाऊन जेवा. आमचा रात्री पावणेबाराला सुटला, बंदुकीसारखा आवाज, बायको जिन्यावर येऊन उभी, काय पडलं म्हणून. नट सैल ठेवून तिथेच ठेवला होता म्हणून ड्रम जागच्या जागी अडला, नाहीतर तो समोरच्या भिंतीपर्यंत गेला असता. परत बसवताना ते निमुळतं टोक आणि हबचं भोक अगदी कोरडं पुसायचं, तिथे ग्रीस लावायचं नाही, नट मॉडेल ए ला कमीत कमी १०० फूट-पाउंड जोराने आवळायचा, आणि पिनचं भोक जुळत नसेल तर नट अजून घट्ट करायचा, कधीही मागे सैल नाही. ढिला राहिला तर चावी तुटते, अॅक्सलचं टोक खाल्लं जातं, आणि मागचा ब्रेकही त्याच हबवर आहे हे लक्षात घ्या.

ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असतं असंच धरून चाला. ड्रममधली धूळ हवेने फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, फडकं पिशवीत बांधून टाकायचं, तोंडाला नीट मास्क.

मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की चाकांकडे ब्रेकचं तेल ढकलतो तो, दोन खणांचा लावा. जुन्यात एकच खण असायचा, एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. जुनेपणाचा हट्ट इथे करू नका, हा भाग फ्लोअरखाली असतो, कुणाला दिसत नाही. पण फ्लोअरखाली असल्यामुळेच अजून एक भानगड होते. मास्टर सिलिंडर चाकांच्या सिलिंडरपेक्षा खाली बसतो, तेल हळूहळू मागे येतं, पहिल्या दाबाला पेडल सरळ तळाला आणि दुसऱ्या दाबाला एकदम झकास. आमचं नेमकं हेच झालं, तीनदा ब्लीड केले, म्हणजे तेलातली हवा काढायला गेलो, हवा शोधत बसलो, हवा नव्हतीच. ड्रम असतील तर लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा १० पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं माप) रेसिड्युअल व्हॉल्व लागतो, डिस्कला २ चा. काही मास्टर सिलिंडरमध्ये तो आतच असतो, घेताना विचारा. पाइप स्टीलचे किंवा ब्रेकसाठीच बनवलेल्या निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे, साधी तांब्याची नळी चालत नाही, ती कंपनाने चिरते, आणि टोकाला डबल फ्लेअर, म्हणजे नळीचं तोंड पसरवून आत दुहेरी दुमडायचं. पेडलचा लिव्हर साधारण ६ ला १. पोराने पहिले दहा फ्लेअर फुकट घालवले, घालवू दे, नळी स्वस्त आहे.

पाटे, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा. मॉडेल ए ला पुढे एक आणि मागे एक आडवा पाटा असतो, बैलगाडीच्या जोखडासारखा. मागचा पाटा फ्रेमला आणि अॅक्सलला ताणून बसवलेला असतो, त्यात एवढी ताकद साठलेली असते की शॅकल (पाट्याचं टोक धरणारी कडी) नुसतं ठोकून काढलं तर पाटा उसळून हाड मोडेल. पाटा ताणून धरणारा स्प्रेडर लावूनच काढायचा, आणि सोळा वर्षांच्या पोराने एकट्याने नाही. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर कधीच नाही, स्टँड लावायचे, गाडी एकदा जोरात हलवून बघायची, मग आत शिरायचं. आमच्याकडे हा नियम मोडला तर महिनाभर गॅरेजला कुलूप. एकदा लागलंय.

पुढची बाजू खाली आणायला चार इंच ड्रॉप केलेला अॅक्सल लावतात, म्हणजे टोकं वर आणि मधला भाग खाली, त्याने उंची कमी होते पण पाट्याची हालचाल तेवढीच राहते. पाटे काढून टाकून किंवा तापवून गाडी बसवू नका. कास्टर (किंगपिनचा मागे कललेला कोन) ५ ते ७ अंश, टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली ते) साधारण अष्टमांश इंच. कास्टर कमी पडला, किंगपिन ढिल्या असल्या किंवा टायर बॅलन्स नसले की पुढची चाकं ताशी चाळीस मैलांच्या वेगाला अशी थरथरतात की स्टिअरिंग हातात राहत नाही, अंगात आल्यासारखी गाडी. स्टिअरिंगचा दांडा आडवा केला असेल तर पाट्यासोबत गाडी डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून पॅनहार्ड बार लावा, छोटासा दांडा आहे, फरक मोठा.

आता इंजिन, म्हणजे घरातलं महाभारत. पोराला फ्लॅटहेड व्ही८ हवं होतं, म्हणजे फोर्डचं जुनं आठ सिलिंडरचं, व्हॉल्व ब्लॉकमध्येच असलेलं इंजिन. मला कळतं का ते. १९३२ मध्ये फोर्डने स्वस्त गाडीत व्ही८ दिलं, २२१ क्युबिक इंच, ६५ हॉर्सपॉवर, आणि हॉट रॉड हा प्रकारच त्याच्या जिवावर वाढला, ५३ पर्यंत अमेरिकेतल्या फोर्डमध्ये ते चाललं. त्याचा आवाज ऐकला की मलाही काहीतरी होतं. पण त्या इंजिनाचा स्वभाव असा की एक्झॉस्ट ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या शेजारून बाहेर निघतो, मधल्या दोन सिलिंडरना मिळून एकच वाट, त्यामुळे पाणी तापतं, आणि व्हॉल्व सीटपासून सिलिंडरपर्यंत चिरा जातात. विकणारा म्हणतो "शेवटचं चालवलं तेव्हा चालत होतं", त्याला काही अर्थ नाही. ब्लॉक सोडून, धुऊन, मॅग्नाफ्लक्सने (चुंबकाने बारीक चिरा दाखवणाऱ्या तपासणीने) तपासून घेतल्याशिवाय एक डॉलरही देऊ नका. नंतर मशीन शॉपचा खर्च, तो गाडीच्या किमतीला गाठतो. ५५ मध्ये शेवरलेचं २६५ क्युबिक इंचाचं स्मॉल ब्लॉक व्ही८ आलं आणि पोरं तिकडे पळाली, त्याचं कारण हेच, हलकं आणि जोरदार. तेही आता ट्रॅडिशनलमध्येच धरतात, त्यामुळे स्वस्तात व्ही८ हवंच असेल तर तो रस्ता आहे, पण मग मॉडेल ए ची फ्रेम आतून पट्टी लावून बंद करावी लागते, गिअरबॉक्स, मागचा अॅक्सल, सगळंच बदलतं.

मी म्हटलं आधी आहे ते चार सिलिंडरचं चालू कर. २०० क्युबिक इंच, ४० हॉर्सपॉवर, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) फक्त ४.२२, म्हणजे अगदी आळशी इंजिन, पण व्ही८ यायच्या आधी पहिल्या हॉट रॉड याच इंजिनावर पळाल्या, बँगर म्हणतात. साडेपाच किंवा सहाच्या कॉम्प्रेशनचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, बदललं, बरा कार्बोरेटर आणि मोकळा एक्झॉस्ट दिला की गाडी अंगावर येते. हेड बदलणं हे पोराला एका शनिवारात जमणारं काम आहे, फक्त नट मधून बाहेर अशा क्रमाने दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे आणि इंजिन तापवून गार झाल्यावर परत एकदा. पोरगा रुसला होता, दोन दिवस बोलला नाही. आता व्ही८ साठी पैसे साठवतोय पण मधल्या काळात गाडी चालवतोय, बाकीच्यांची पोरं कॅटलॉग बघतायत.

हे इंजिन चालू करताना स्टिअरिंगच्या डाव्या हाताचा स्पार्कचा दांडा पूर्ण वर, चालू झालं की खाली. हँडल मारून चालू करणार असाल आणि दांडा वर करायला विसरलात तर हँडल उलटा झटका देतं, मनगट मोडतं. अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, सगळी बोटं एकाच बाजूला. मूळ गिअरबॉक्सला सिंक्रो (गिअर अलगद बसवणारी रचना) नाही, डबल क्लच, म्हणजे गिअर बदलताना दोनदा क्लच दाबणं, शिकावा लागतो, पोरांना ते चार दिवसात येतं, मला महिना लागला.

वेल्डिंग. पातळ पत्र्याला मिग वेल्डर (तार आपोआप पुढे सरकवणारा), बारीक तार, आणि सलग ओढायचं नाही, टाके मारायचे, एक इथे एक तिथे, मध्ये गार होऊ द्यायचं, नाहीतर पत्रा पापडासारखा उठतो. आधी भंगारातल्या दारावर शिका, दोन महिने. पण फ्रेम, स्टिअरिंग, ब्रेकचं ब्रॅकेट, सीट बेल्टचे पाय, हे पोराने जोडू नये, मापं घेऊन टाके मारून ठेवावे आणि पक्कं वेल्डिंग जाणकाराकडून करून घ्यावं, आम्ही तेच केलं. आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहून लावा: ब्रेक क्लीनरने साफ केलेल्या जागी वेल्डिंग नाही. क्लोरीनवाल्या क्लीनरवर आर्क पडला की फॉसजीन वायू तयार होतो, तोच जो पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला. अॅसिटोनने पुसा, पूर्ण वाळू द्या, फडकं आणि डबा लांब ठेवा. जस्ताचा मुलामा असलेले बोल्टही आधी घासून घ्यायचे.

छप्पर कापायचं का? चॉप केलेली गाडी सुंदर दिसते यात वाद नाही. पण खांब तिरके असतात, तीन इंच कापले की वरचा भाग खालच्याला जुळत नाही, प्रत्येक खांब वेगळा भरावा लागतो, काचा सगळ्या परत कापायच्या, दारांच्या चौकटी परत. आम्ही बाजूने फोटो काढून प्रिंट केला, कात्रीने तीन इंचाची पट्टी कापून परत चिकटवला, फ्रिजवर लावला. सहा महिन्यांनी पोरगंच म्हणालं, राहू दे, माझी आता उंची वाढलीये. पत्रा कापला असता तर?

पेट्रोलची टाकी मॉडेल ए मध्ये डॅशबोर्डच्या पुढे, काउलमध्येच असते, म्हणजे दहा-अकरा गॅलन पेट्रोल तुमच्या गुडघ्यांवर. पंप नाही, उतारानेच कार्बोरेटरला जातं, साधी आणि हुशार रचना आहे, पण टक्करीचा विचार केला की झोप लागत नाही. बरेच जण टाकी मागे नेतात आणि पंप लावतात, मग काउल मजबूत ठेवायचं असतं कारण ती टाकी बॉडीचाच भाग आहे. जुनी टाकी कापायची किंवा वेल्ड करायची वेळ आली तर घरी अजिबात नाही, रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा वाईट.

वायरिंग मूळ ६ व्होल्ट, आणि अर्थिंग प्लसला, उलटं. बॅटरी नेहमीसारखी लावलीत तर गोंधळ. ६ व्होल्टच ठेवलंत तर वायर जाड घ्या, बारीक वायरीने स्टार्टर रडतो. मूळ गाडीत फ्यूजच नव्हता, तो मात्र लावाच, आणि बॅटरी तोडायचा स्विच हाताशी.

रंगाला शेवटी हात लावा. जुना रंग शिशाचा असू शकतो, कोरडा घासू नका, ओला घासा, रेस्पिरेटर लावा. प्राइमरच्या करड्या रंगात फिरायची फॅशन खरी जुनी आहे पण साधा प्राइमर पाणी पितो, खालून गंज सुरू, म्हणून इपॉक्सी प्राइमर मारा, दिसायला तसाच आणि पत्रा झाकलेला राहतो. आमची अजून त्यातच आहे.

टायर पुढे बारीक मागे मोठे, बायस-प्लाय (तिरप्या थरांचे, जुन्या पद्धतीचे), सोळा इंची स्टीलच्या चाकांवर. त्या एका गोष्टीने गाडीला अर्धं रूप येतं. बायस-प्लाय रस्त्यावरच्या रेघा पकडून चालतात, स्टिअरिंग थोडं भटकतं, ते बिघाड नव्हे. बेल्ट कमरेचा तरी हवाच, आणि फ्लोअरच्या पत्र्याला नाही, फ्रेमला किंवा खाली जाड प्लेट देऊन.

पहिल्यांदा बाहेर काढाल तेव्हा रिकामी सपाट जागा, मागे दुसरी गाडी, फायर एक्स्टिंग्विशर, आणि सुरुवात थांबण्यापासून. दहाच्या वेगाला ब्रेक, वीसच्या, तीसच्या, हात सैल सोडून बघायचं गाडी कुठे ओढते. आमची डावीकडे जात होती, उजव्या पुढच्या ड्रममध्ये ग्रीस आलं होतं, सील उलटं बसवलेलं. कोणी बसवलं ते विचारू नका, मीच. घरी येऊन हात लावून प्रत्येक ड्रम किती गरम आहे ते बघा, एखादा जास्त गरम म्हणजे ब्रेक घासतोय, एखादा थंडगार म्हणजे लागतच नाहीये. पन्नास मैल झाले की मागच्या हबचे नट, पाट्यांचे यू-बोल्ट, हेडचे नट, स्टिअरिंगचे सगळे जोड परत तपासायचे, कॉटर पिना मोजायच्या, हो मोजायच्या, आमच्याकडे वहीत आकडा लिहिलेला आहे आणि पोरगं गाडीखालून ओरडून सांगतं, मी वर टिक करतो. आतलं काम अजून व्हायचंय. सीटच्या स्प्रिंगांवर सध्या घरातली जुनी सतरंजी चौघडी करून टाकलीये, आणि रविवारी मला पॅसेंजर सीटवर बसवून तो स्वतः चालवतो, खड्डा आला की आधी "बाबा, धरा" म्हणतो.